घरातलं बोलणं

आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी चेन्नईहून कुंभकोणमला गेलो. तिथल्या मेलकावेरी भागातल्या आमच्या घरात आता बाबा एकटेच राहतात. दुपारची जेवणं झाली आणि ते म्हणाले, "अरे, तुझ्या आईचं बोलणं कम्प्युटरात कुठंतरी आहे. जुना फोन बिघडला तेव्हा दुकानात नेऊन सगळं भरून घेतलं होतं."

"कुठल्या फोल्डरमध्ये?"

"ते ठाऊक असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर. एकेक उघडत बसलो असतो तर सुट्टी सरली असती. मी बाबांच्या कम्प्युटरची हार्ड डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडली, आज्ञा टाइप करायचं टर्मिनल उघडलं आणि फायली हुडकणाऱ्या 'फाइंड'ला सांगितलं, नावात 'अम्मा' असेल ते सगळं दाखव; दुकानदारानं तमिळमध्ये तसं लिहिलं असेल असं वाटलं. आली ती देवीची स्तोत्रं.

"तिचं नाव घालून बघ," बाबा खुर्ची ओढत म्हणाले. घातलं. काहीच नाही.

मग लक्षात आलं, फोन आपल्या मनानं फायलींना नाव म्हणून नुसते आकडे देतो. नाव ठाऊक नसलं तरी फाइलची जात सांगून शोधता येतं. जुन्या फोनमधल्या आवाजाच्या फायलींच्या नावाशेवटी ठरावीक अक्षरं असतात. ती दिली आणि पडद्यावर ओळींमागून ओळी उतरू लागल्या.

बहुतेकांत नुसती खरखर होती. एकात आई सापडली. तिरुभुवनमला साडीच्या काठावरून विणकराशी तमिळमधून हुज्जत घालत होती. बाबांचा चेहरा मात्र उतरला.

"ही बाहेरची," ते म्हणाले. "घरातली नाही."

घरात ती आमची, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्यांची मराठी बोलायची. माझ्या पुण्याच्या सहकाऱ्यांना ही भाषा जुनाट वाटते, तिचा हेल तमिळ वाटतो. घरातलं बोलणं कोण कशाला रेकॉर्ड करून ठेवेल?

मी बंद करणार तोच विणकराचा आवाज लांब गेला आणि आई हळूच म्हणाली, "अहो, हिरवी बरी की ही?"

"हिरवीच घे," बाबा लॅपटॉपकडे बघत पटकन बोलून गेले.

घरातल्या बोलण्यातलं ते एवढं एकच वाक्य. चेन्नईला परतल्यावर माझ्या जुन्या बॅकअपमध्येही शोधलं, काही मिळालं नाही. हल्ली बाबांशी फोनवर बोलताना मी त्यांना सांगून रेकॉर्डिंग लावतो. ते घसा खाकरतात आणि म्हणतात, "हं, बोल. आपल्या भाषेत बोल."