कोयनेला निघालो आणि विट्याहून ब्रेकर आणला

लग्नाच्या वाढदिवसाला कोयनेला जायचं ठरलं होतं. पाटणजवळची एक खोलीही मी बघून ठेवली होती. सकाळी बॅग घेऊन खाली उतरले, तर दारात कारऐवजी पिकअप!

"विट्याला एकांना त्यांचा ब्रेकर विकायचाय," प्रशांत माझ्याकडे न बघता म्हणाला. "उद्यापासून काम आहे. ब्रेकर नसला तर काम दुसऱ्याकडे जाईल. येताना कोयना करू."

विट्याहून साताऱ्याला येताना कोयना लागत नाही, एवढा भूगोल मलाही येतो. पण नवऱ्याचा पोकलेनचा धंदा नवा आणि पाडकामाचं हे पहिलंच मोठं काम. पिकअपमध्ये चढले. (पोकलेनला बकेटऐवजी लावतात तो काँक्रीट फोडणारा हातोडा म्हणजे ब्रेकर. लग्नाआधी मलाही माहीत नव्हतं.)

रहिमतपूर, पुसेसावळी करत विटा गाठायला तीनेक तास लागतात. रस्ता बराचसा चांगला आहे. जिथे नाही, तिथे पिकअपची सीट सांगते. रहिमतपुरात गरम भजी खाल्ली. तिथेच त्याला फोडायचं होतं ते जुन्या गोदामाचं जोतं. "केवढं जाड आहे बघ!" प्रशांतने ते मला धबधबा दाखवावा तसं दाखवलं.

विट्याचे आण्णा केरळात सोनं गाळायचं दुकान चालवून गावी परतलेले. माळावरचा खडक फोडायला त्यांनी लहान पोकलेन आणि ब्रेकर घेतला होता. आता खडक संपला होता, आणि तीच अडचण झाली. ब्रेकर हवेत चालवला तर आतून खराब होतो. विकत घेण्याआधी चालवून बघायचा तर टोकाखाली काहीतरी घट्ट लागतं.

"माज्या शब्दावर न्ह्या की," आण्णा म्हणाले.

"तुम्ही शब्दावर सोनं घेतलंत का कधी?" प्रशांत म्हणाला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, बाहेर आल्या. "त्यो हंस हाय की अंगणात. फोडा त्यो!"

अंगणात मधोमध काँक्रीटचा चौथरा, त्यावर माझ्या खांद्याएवढा हंस. कारंजं म्हणून बांधलेला.

"आगं, हौसेनं केलाय मी!" आण्णा कळवळले.

"चोचीतनं कवा थेंब न्हाई आला. डास तेवढं आलं."

आण्णा हंसापुढे जाऊन उभे राहिले. प्रशांत घड्याळ बघायला लागला. वाढदिवस गेलाच होता, आता कामही जाणार असं दिसलं आणि मी तोंड उघडलं. "हंस उतरवू. नुसता चौथरा फोडू."

आण्णांनी स्वतः हंसाला वाकळ गुंडाळली. साखळी लावून पोकलेनने त्याला अलगद खाली ठेवलं, मग ब्रेकर जोडून प्रशांत आत बसला. ठकठकठक! जमीन हादरली, मांडणीवरचे पेले खाली आले, कुत्रं थेट उसात पळालं. "आजून! त्यो कोपरा ऱ्हायला!" काकी पदर खोचून ओरडत होत्या. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, त्यांच्याबरोबर मीही ओरडत होते.

चौथऱ्याचा ढीग झाला. तेल गळलं नाही, पाईप थरथरले नाहीत. सौदा झाला. पण काकींना हंस आता दारात नकोच होता आणि आण्णा तो फोडू देईनात. शेवटी त्याला आमच्यासोबत पाठवायचं ठरलं. वर आण्णांची अट: "त्येला वाकळ ऱ्हाऊ द्या." काकींनी भाकरी, अख्खा मसूर वाढून पोट तुडुंब केलं.

पुसेसावळीला चहाला थांबलो. गाडीभोवती माणसं जमली.

"हंस कुठनं आणला, गड्या?"

"त्याच्या शेजारी ब्रेकर आहे," प्रशांत दुखावून म्हणाला. कुणी बघितलंही नाही.

जोतं वेळेत निघालं. प्रशांत रोज धुळीने पांढरा होऊन, दात दाखवत घरी येई. कोयना राहिली ती राहिलीच. पण ढिगाऱ्याशेजारी काकींनी माझा हात धरून मारलेली उडी मला अजून आठवते. अशी सहल नकाशावर सापडायची नाही. जमलंच तर तुम्हीही कधी कुणाचं तरी काहीतरी पडताना बघायला जा. परवानगीने.

काल आण्णांचा फोन आला. "हंसाला पाऊस लागत न्हाई न्हवं?"

"नाही आण्णा, पत्र्याखाली आहे."

मागून काकींचा आवाज आला, "त्ये ऱ्हाऊ द्या! ह्यांची म्होरल्या दारातली कमान फोडाय कवा येताय, त्ये इचारा!"