पहिला मुका आणि पॅकिंगवाल्या बायका

हात कामात असले की तोंडं मोकळी राहतात, आणि तोंडं मोकळी राहिली की किस्से साठतात. देवगडजवळ भाऊंच्या आंब्याच्या शेडमध्ये मी बारा सीझन पेट्या भरल्या. पेट्या मुंबईला गेल्या, पुण्याला गेल्या, संपल्या. किस्से मात्र सगळे माझ्याकडेच राहिले, आणि कुठलाही ट्रान्सपोर्टवाला ते न्यायला तयार नाही!

आता शेडमध्ये आंबे निवडायचं मशीन आलंय. आंबा पट्ट्यावरून पळतो आणि वजनाप्रमाणे आपोआप खाली पडतो. छान आहे मशीन. पण आवाज इतका करतं, की शेजारी बसून दोन शब्द बोलता येत नाहीत. म्हणून तो शेवटचा, हाताने भरलेला सीझन मला फार आठवतो. त्या वर्षी आमच्याकडे एकच विषय होता. पहिला मुका!

विषय काढला तन्वीने. तन्वी आमच्यातली सगळ्यात लहान, सत्तावीस वर्षांची. ऑनलाइन ऑर्डरी घ्यायची आणि पेट्यांवर मार्करने पत्ते लिहायची. कसालचा एक मुलगा तिला सांगून आला होता. ओंकार नाव, मोटरपंप दुरुस्तीचं दुकान. घरच्यांनी मोकळेपणाने भेटू दिलं होतं. तिसऱ्या भेटीत देवगडच्या पवनचक्क्यांपाशी त्याने तिचा मुका घेतला.

"मगे?" आम्ही सगळ्यांनी हातातले आंबे खाली ठेवले.

"मगे काय? काय्येक वाटला नाय! वारो होतो, केस तोंडात गेले."

तिने मोबाइलवर वाचलं होतं, की पहिल्या मुक्यातच कळतं. केमिस्ट्री असेल तर असते, नसेल तर जन्मात येत नाही. आणि रविवारी ओंकारच्या घरचे होकार-नकार ऐकायला येणार होते.

आम्ही हसलो. ती हसली नाही. तिच्या थोरल्या बहिणीने असाच विचार न करता होकार दिला होता. "ताई आणि भावजी आठ वर्षां एका घरात आसत," तन्वी म्हणाली, "आणि फक्त गॅसचो सिलिंडर संपलो की बोलतत. माका तसा जगाचा नाय."

मग कुणी हसलं नाही. पण तिला धीर द्यायचा तर आमच्याकडे होतं काय? स्वतःचे किस्से!

* * *

सुरुवात मालतीने केली. पेट्यांना खिळे मारण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. तिचा नवरा आंबे काढणारा. लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. एका दुपारी गडी झाडावरून उतरला, मनगटाने तोंड पुसलं आणि काजूच्या झाडाच्या आडोशाला हिचा मुका घेतला.

आता आंबा काढताना देठाचा चीक उडतो आणि तो कातडीला लागला की भाजतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. त्या बाबाला तेवढ्यापुरतं आठवलं नाही! दुसऱ्या दिवशी मालतीच्या ओठावर डाव्या बाजूला हा फोड. आईने विचारलं, तर म्हणाली, "कच्चो आंबो खाल्लंय, तो तोंडार उतलो."

संध्याकाळी होणारी सासू लग्नाची यादी करायला आली, लेकाला घेऊन. त्याच्याही ओठावर फोड. सासूने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, आणि शांतपणे म्हणाली, "काय रे, दोघांनी एकच आंबो खाल्ल्यात?"

"पण वाटला काय तुका?" तन्वीने विचारलं.

"जळजळला गो! दुसरा काय वाटतला?"

* * *

माझा किस्सा त्याहून लहान. साखरपुड्यानंतर आमचे हे मुंबईला परत निघाले होते. मी नांदगाव स्टेशनवर पोचवायला गेले. आईने त्यांच्यासाठी भलामोठा फणस दिलेला. गाडी थांबते जेमतेम दोन मिनिटं. हे डब्याच्या दारात उभे, दोन्ही हातांत फणस. फणस खाली ठेवावा हे सुचलं नाही. तसेच वाकले, आणि नेमकी गाडी हलली. ओठ लागले ते माझ्या कानाला.

म्हणजे बघा, लोकांना पहिला मुका जाणवतो. मी माझा ऐकला!

ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. कुणी विचारलं नसतानाही मी हा किस्सा सांगते, कारण तो सांगताना ते दारात उभे दिसतात आणि मला ते बघायचे असतात.

* * *

भाऊ, म्हणजे शेडचे मालक, खुर्चीत बसून फोनवर भाव ठरवतात आणि बायकांच्या बोलण्यात कधी पडत नाहीत. त्या दिवशी फोन ठेवला आणि म्हणाले, "माझो सोमवार होतो."

भाऊ पुढे सांगू लागले. नवीन लग्न, श्रावण नव्हे, पण भाऊंचा कडक सोमवार. वहिनी नुकत्याच जेवून उठलेल्या. जेवणात सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे खोबऱ्यात कालवलेली सुकी कोळंबी. भाऊंना राहवलं नाही. आणि मुका घेतल्या घेतल्या जिभेला चव लागली!

भाऊ तडक भटजींकडे. "उपास मोडलो काय?"

भटजींनी सगळं ऐकून घेतलं. पंचांग उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "ह्या सोमवारचं राहू द्या. पुढल्या सोमवारपासून त्यांनाही उपास धरायला सांगा."

"आणि केमिस्ट्री?" मालतीने विचारलं.

भाऊंनी फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं, ते आम्हाला दिसत होतं.

* * *

राहिल्या सुमनकाकी. बहात्तर वर्षांच्या. देठाशी नाक नेऊन आंबा किती दिवसांत तयार होईल हे सांगायच्या आणि कधी चुकायच्या नाहीत.

"काकी, तुमचो?"

"आमच्या वेळार तसला काय नव्हता."

काकींनी दोन पेट्या भरल्या. तिसरीत पेंढा घातला.

"होता," त्या म्हणाल्या. "पण सांगाचो नाय."

आणि बहात्तराव्या वर्षी कानापर्यंत लाल झाल्या! आम्ही सीझनभर मागे लागलो, बाई बधली नाही. फक्त तन्वीला म्हणाल्या, "गो, आंबो अढीत घातल्यार पयल्याच दिवशी वास येता काय?"

"काकी, तो माणूस आसा. तेका खंयच्या पेंढ्यात घालू?"

काकीही हसल्या. पण तन्वीचं ठरलं होतं. नकार.

* * *

शनिवारी दुपारी शेडसमोर बाइक थांबली. ओंकार! उन्हात कसालपासून आलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. तन्वी मार्कर हातात धरून उभी राहिली. दोघं रिकाम्या पेट्यांच्या थप्पीमागे गेली. बारा वर्षांत पहिल्यांदाच आमची शेड गप्प झाली, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"तुका एक सांगाचा आसा," तो म्हणाला. "त्या दिवशी... माका काय्येक वाटला नाय. तुझो दोष नाय. पण खोटा बोलान लगीन करूचा, तां माका जमाचा नाय."

मग तन्वी ओरडली, "माका पण नाय!"

आणि दोघं हसायला लागली. आम्हाला वाटलं थांबतील. थांबेचनात! भाऊंनी फोन कट केला.

मग नकार कसा द्यायचा याची मीटिंग बसली. तो म्हणाला, "माझ्यार घाल. सांग, पोराक पंप समाजतत, माणसां समाजनत नाय." ती म्हणाली, "नको, तुझ्या आयेक वायट वाटतला." तो म्हणाला, "तुझ्या बाबांक बीपी आसा, तू बोला नको." ती म्हणाली, "तुका कसा म्हायत?" तो म्हणाला, "पयल्या भेटीत सांगलंस मां." असं दीड तास. मधे मालतीने डागी आंबे कापून दिले, तेही संपले. शेवटी ठरलं, नकार ओंकार देणार.

तो गेल्यावर मालती म्हणाली, "नकार देवक इतको वेळ लागता?"

* * *

रविवारी पोहे करायला तन्वीच्या आईने मला बोलावलं होतं, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. ओंकारच्या घरचे आले. बशा फिरल्या. तन्वीचे बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. ओंकारच्या वडिलांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "काय तां स्पष्ट होवंदे. बोल रे, तुझा काय?"

ओंकार उभा राहिला. तन्वी खाली मान घालून बसलेली.

"माका पसंत आसा," तो म्हणाला.

तन्वीने झटकन मान वर केली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "अरे, काल ठरलेला काय होता आपला?"

दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. माझ्या हातातला पोह्यांचा डाव तसाच राहिला.

"ठरलेला होता," ओंकार म्हणाला. "पण तुमच्या पायरीर चपला काढताना माका तां बोलवेना."

तन्वी ताडकन उठली.

"मगे माका एक फोन करूक काय झाला तुका?" ती म्हणाली. "मी कालपासून रडतंय!"