भिंतीला पाजलेलं पाणी

त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि वहीतच राहिलं. कामावर सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला जे वजन लटकवतात, ते म्हणजे ओळंबा. हा गडी ते वजन न लावताच, एक डोळा मिटून, भिंत कुठे किती कललीय ते सांगायचा. नाव ठेवणाऱ्याच्या मनात थोडी चेष्टाही होती, कारण माणूस उंच, काटकुळा आणि बोलायला महाकंजूष. याने लग्नाला होकार तरी कसा दिला असेल, हे त्याची बायकोच जाणे.

वयाची सेहेचाळीस वर्षं त्याने उन्हात काढली. तिकडे जुन्या गावी थंडी म्हणजे पहाटे दोन तास चादर ओढून घ्यायची गंमत होती. मग तिकडची बांधकामं एकेक करून बंद पडली, हाताला काम राहिलं नाही, आणि मेहुण्याने इकडे शब्द टाकला. बायको, नऊ वर्षांची लेक आणि चार बोचकी घेऊन तो या थंड गावात येऊन पडला.

कामाच्या आवारातच मजुरांच्या खोल्या होत्या. ज्याचं काम त्याची खोली, काम गेलं की खोलीही गेली, असा साधा हिशेब. ओळंब्याला मिळाली माळ्यावरची, पत्र्याची. खिडकीची एक काच फुटलेली, तिच्यात बायकोने जुना परकर कोंबला. पहिल्या आठवड्यात त्यांनी नव्या माणसांनी करायच्या सगळ्या चुका केल्या. केसांचं तेल बाटलीत दगड झालं, ते काढायला खिळा लागला. बायकोने धुणं बाहेर वाळत घातलं, तर तासाभरात त्याची विजार लाकडासारखी ताठ झाली. तिने ती आत आणून भिंतीला टेकवली तर ती आपली आपण उभी राहिली. लेक पोट धरधरून हसली आणि म्हणाली, "आई, बाबा लवकर आले बघ."

ते तिचं शेवटचं हसणं. म्हणजे तसं मोकळं, खोकल्याशिवायचं. आठव्या दिवशी छाती भरली आणि घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि चौकशी मात्र खोलीची केली.

"शेगडी आहे?"

"नाही."

"मग मी औषध देऊन काय करू? पोरीला ऊब पाहिजे. अख्खा हिवाळा जायचाय अजून."

शेगड्या होत्या, पण तळमजल्याच्या खोल्यांत. लोखंडी, धूर बाहेर सोडायला नळी असलेल्या. माळ्यावर नळी नव्हती, तिथे निखारे ठेवले असते तर सकाळी तिघंही उठली नसती. आणि तळमजला फक्त पक्क्या माणसांना. ओळंबा कच्चा होता. मुकादमाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आपण बांधतोय त्या दवाखान्याची दर्शनी भिंत तुला देतो. तिचा गिलावा बघू, मग ठरवू. नाही जमलं तर परतीची वाट धर." परतीच्या वाटेवर काय होतं? काहीच नव्हतं. तेव्हा त्या एका भिंतीवर पोरीचा श्वास टांगलेला होता, असं म्हणायला हरकत नाही.

भिंतीला गिलावा द्यायला तीन दिवस लागले. बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती, थापी धरली की सुटायची नाही आणि सुटली की धरवायची नाही. त्याला सांभाळून घेतलं ते कामावर सगळे ज्यांना काका म्हणत त्यांनी. काका सदुसष्टचे. एके काळचे नामी गवंडी, पण गुडघे गेले तेव्हापासून त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. संध्याकाळ झाली की ओल्या कामावर ताडपत्री टाकून तिच्या गाठी मारायच्या. थंडीने ओला गिलावा मरतो, म्हणून. त्यांनी ओळंब्याला बोटांची टोकं कापलेले हातमोजे दिले, सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र घालायला शिकवलं, आणि वर म्हणाले, "आता पाठीवर बातम्या आहेत, वाचत बसू नकोस."

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंत पुरी झाली. मुकादमाने तिच्यावर तळवा फिरवला आणि "हं" म्हणाला. त्याच्या तोंडून हं निघालं की लोक ते घरी जाऊन सांगत. संध्याकाळी काकांनी ताडपत्री टाकली, नऊ गाठी मारल्या आणि निघून गेले.

ओळंब्याने घरी जायला हवं होतं. पण तो आवारात घुटमळत राहिला, कारण त्याच्या जिवाला चैन नव्हती. तीस वर्षं त्याने एक गोष्ट न चुकता केली होती. गिलावा केला की सकाळ-संध्याकाळ त्याला पाणी द्यायचं, दहा दिवस, भिंत तृप्त होईपर्यंत. बापाने थापीच्या आधी त्याच्या हातात बादली दिली होती. पाणी न मारणाऱ्या गवंड्याला तिकडे कामचोर म्हणत, आणि त्याच्या भिंती उन्हाळ्यात तडकून त्याची लाज काढत. इकडे कुणी बादलीकडे बघितलंही नव्हतं. ओळंब्याला वाटलं, ही माणसं आळशी आहेत. मुकादमालाही वाटलं नव्हतं की याला काही बजावायला हवं. विस्तवात हात घालू नकोस, असं कुणी मोठ्या माणसाला सांगतं का? इकडे जन्मलेल्या माणसाच्या स्वप्नातही आलं नसतं की कुणी हिवाळ्यात सूर्य बुडताना ओल्या भिंतीला आणखी पाणी पाजेल.

त्याने पाजलं. तीन बादल्या. गाठी सोडल्या, ताडपत्री वर सारली आणि ओंजळीने, एक बोटभर जागा न सोडता, पोरीला न्हाऊ घालावं तसं त्या भिंतीला न्हाऊ घातलं. मग गाठी परत मारायला गेला तर बोटांत जीव नव्हता. सात कशाबशा मारल्या. डावीकडच्या दोन टोकांना नुसताच पीळ दिला आणि मनात म्हणाला, टिकेल.

सकाळी ताडपत्री डावीकडून पार लोंबत होती आणि भिंत पांढरीफटक पडली होती. ऊन आलं तसे हाताएवढे पापुद्रे सुटून खाली पडायला लागले. त्याने थापीच्या दांड्याने ठोकून बघितलं. सगळीकडून पोकळ आवाज. भिंतीत शिरलेलं पाणी गोठलं, फुगलं आणि त्याने आतून सगळं उचकटून काढलं, हे त्याला एका क्षणात कळलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मुकादम आला. त्याने भिंत बघितली, लोंबती ताडपत्री बघितली आणि काकांना बोलावलं.

"काल हे कुणी बांधलं?"

"मी. नऊ गाठी मारल्या होत्या."

"मग काय वाऱ्याने सोडल्या?"

"मारल्या होत्या मी."

"गेल्या महिन्यात सिमेंटच्या गोण्या उघड्या राहिल्या, तेव्हाही हेच म्हणाला होतात."

गोण्या खरंच राहिल्या होत्या. ओळंब्याने बोलायला तोंड उघडलं आणि त्याची दातखीळ बसली. मनात म्हणाला, दुपारी सांगू. दुपार झाली. मग म्हणाला, उद्या सांगू, मुकादमाचा राग शांत झाला की. माणूस वाईट व्हायचं ठरवून वाईट होत नाही, नुसता दिवस पुढे ढकलत राहतो. ओळंब्याचं तेच झालं, आणि मी त्याची बाजू घेणार नाही.

"तुझी काही चूक नाही," मुकादम त्याला म्हणाला. "खरवड आणि परत कर."

त्याने खरवडलं आणि परत केलं. त्या दिवसांत काका रोज संध्याकाळी ताडपत्री बांधायचे. गाठ मारायचे, ओढून बघायचे, मोठ्याने आकडा म्हणायचे आणि नवापर्यंत पोचले की पुन्हा एकपासून मोजायचे. ओळंबा पाठ करून हत्यारं धूत बसायचा.

शनिवारी मुकादमाने दोन निकाल एका दमात सांगितले. "भिंत चांगली झाली, तू पक्का. काकांना आता थांबवतोय, त्यांच्याच्याने होत नाही. त्यांची खोली तळमजल्याची, ती तू घे. उद्या सामान हलव."

रविवारी सकाळी काकांनी स्वतः शेगडी पेटवून दाखवली. नळीची झडप कधी उघडायची, कधी अर्धी लोटायची, हे ओळंब्याच्या बायकोला दोनदा समजावलं. "नाहीतर कोळसा फुकट जातो, सूनबाई." ती बिचारी हरखून गेली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. काका म्हातारे झाले, त्यांना पुतणीकडे जायचंय, एवढंच तिला कळलं होतं. पोर शेगडीसमोर बसली, तिने डोक्याची टोपी काढली, शाल काढली आणि तिथेच आडवी होऊन झोपली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती खोकल्याशिवाय झोपली होती.

काकांनी आपलं एकुलतं बोचकं उचललं आणि ओळंब्याला खुणेने बाहेर बोलावलं.

"एक विचारू? खोलीचं काही नाही रे. ती कधीतरी जायचीच होती. पण माझा थोरला भाऊ असाच विसरायला लागला होता. आधी किल्ल्या, मग रस्ता, मग पोरांची नावं. शेवटी तोंडातला घास गिळायचं विसरायचा." काकांनी आपली बोटं पुढे धरली. "मला त्या गाठी मारल्याचं आठवतंय. या बोटांना आठवतंय. आणि सकाळी त्या सुटलेल्या. म्हणजे माझं डोकं आता न घडलेलं दाखवायला लागलं का? तू होतास तिथे. मारल्या होत्या का मी?"

ओळंब्याला आतून शेगडीची ऊब पाठीवर लागत होती.

"अंधार पडत होता, काका," तो म्हणाला. "मला नीट दिसलं नाही."

काकांनी मान हलवली, जसं काही हेच उत्तर येणार होतं. ते आवार ओलांडून फाटकापर्यंत गेले. तिथे थांबले आणि खिसे चाचपायला लागले. आधी सदऱ्याचे, मग कोटाचे, मग पुन्हा सदऱ्याचे. ते खोलीची किल्ली शोधत होते. ती त्यांनी मघाशीच ओळंब्याच्या हातात दिली होती. किल्ली सापडेना तसा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा घाबरा झाला.

ओळंबा पायात काही न घालता धावला.

"काका, गाठी तुम्ही मारल्या होत्या. नऊच्या नऊ. मी सोडल्या. भिंतीला पाणी पाजलं मी."

"पाणी?" काका त्याच्याकडे बघत राहिले. "ते कशाला?"

"आमच्याकडे पाजतात."

काका विटांच्या ढिगावर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते रडत होते आणि हसतही होते. "म्हणजे डोकं शाबूत आहे माझं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ओळंबा शिव्यांची वाट बघत उभा होता, पण त्या काही आल्या नाहीत. ते त्याला फार जड गेलं.

बऱ्याच वेळाने काकांनी नाक पुसलं. "मुकादमाला तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो. पोरीच्या आईला सांगून येतो."

बायको अंथरुणाचं बोचकं सोडत होती. त्याने चार वाक्यांत सगळं सांगितलं. इतकं बोलायची त्याला सवय नव्हती, तरी त्याने काही गाळलं नाही. ती आधी त्याच्या लाल पडलेल्या अनवाणी पायांकडे बघत राहिली, मग झोपलेल्या पोरीकडे. ती आता आरडाओरडा करेल, कपाळ बडवून घेईल, असं त्याला वाटलं. तिने सोडलेलं बोचकं पुन्हा बांधायला घेतलं.

"मुकादमाचं घर लांब आहे का?" तिने विचारलं.

"नाही. फाटकापलीकडेच."

"मग हळू चालत जा," ती म्हणाली. "तेवढाच वेळ झोपेल ती."