टाळ्या थांबवणाऱ्या जुबैदा मॅडम

रियाधच्या आमच्या भारतीय शाळेत मी हिंदी शिकवायला रुजू झाले, तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्याशी सर्वांत आधी मराठीत बोलल्या त्या जुबैदा परकार मॅडम. "नाशिकच्या ना तुम्ही? बसा. दूध संपलंय, कोरा चहा चालेल?" ओळख झाली ती एवढ्यावरच. त्या मूळच्या हर्णैच्या. इतिहासाच्या ज्येष्ठ शिक्षिका म्हणून त्यांचा शाळेत दरारा होता. माझ्या वाट्याला मात्र पहिल्या दिवसापासून त्यांची माया आली.

माझ्या मुलीच्या, इराच्या वेळी मला दिवस गेले, तेव्हा घरात वडीलधारं कुणी नव्हतं आणि यजमान शहराच्या ओलाया भागातल्या ऑफिसात रात्रीपर्यंत अडकलेले असत. मॅडम मला त्यांच्याच इमारतीत राहणाऱ्या डॉ. राशिदांकडे घेऊन गेल्या. "मुलतानच्या आहेत, पाकिस्तानातल्या. हाताला शिफा आहे, गुण येतो," असं त्या जिन्यातच म्हणाल्या. बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती त्या काळात, दर तपासणीला त्या माझ्यासोबत टॅक्सीत बसून येत. इरा डॉ. राशिदांच्या हातांवर जन्मली. इथल्या आमच्या मराठी मंडळातली निम्मी मुलं त्यांच्याच हातची.

शिक्षिका म्हणून मॅडम फार कडक. एका हुशार मुलीने दुसऱ्या महायुद्धावर अलंकारिक निबंध लिहिला होता. तो परत करताना त्या म्हणाल्या, "भाषा सुंदर आहे. पण सहा पानांत एकही माणूस नाही. पुन्हा लिही." मुलगी रडली, पण तिने पुन्हा लिहिला.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मी काय लिहावं, याचा विचार करताना एकच प्रसंग सारखा समोर येतो, आणि तो आम्हा सर्वांच्या लाजेचा आहे. गौरव अंकात असं लिहू नये, असं काहींनी सुचवलं. पण तो गाळला, तर मॅडमचा गौरव कशासाठी, हेच सांगता येणार नाही.

मंडळाची वादसभा मॅडमनीच सुरू केलेली. हा प्रसंग घडला त्या वर्षी शहराबाहेरच्या एका इस्तिराहात, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या बागेच्या बंगल्यात, ती भरली होती. विषय मॅडमनी दिला होता : युद्ध संपवण्यासाठी जपानवर अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं का? मुलांना मराठी जड जातं म्हणून बोलणं बरंचसं हिंदीत ठेवलं होतं. पहिल्या रांगेत मॅडमच्या शेजारी पाहुण्या म्हणून डॉ. राशिदा बसल्या होत्या.

माझी इरा अनुकूल बाजूने बोलली. युद्ध लांबलं असतं तर दोन्हीकडचे किती सैनिक आणि किती नागरिक मेले असते, हे तिने मुद्देसूद मांडलं. विरोधात बोलणाऱ्या मुलाने विचारलं, "जो देश आधीच खचला होता, त्याच्या शाळा-बाजारांवर बॉम्ब कशाला? आणि एक टाकल्यावर दुसरा कशाला?" दोघंही छान बोलली. तिथवर सगळं ठीक होतं.

मग श्रोत्यांना बोलायची संधी मिळाली. त्या दिवसांत आपल्या सीमेवर वातावरण तापलेलं होतं. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले आमचे एक सभासद उठले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते हिंदीत म्हणाले, "इराने बरोबर सांगितलं. मग आपण कशाची वाट बघतोय? कराची, लाहोर, मुलतान. एकदाच टाका, खलास!"

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या, मागच्या रांगांतून शिट्ट्याही आल्या. मंचावरची मुलं गोंधळून आमच्या तोंडाकडे बघत होती. डॉ. राशिदांनी मांडीवरची पर्स उचलून हातात धरली आणि तशाच बसून राहिल्या. त्यांची आई मुलतानात राहते, हे आमच्यापैकी कितीतरी बायकांना माहीत होतं.

मॅडम उठल्या. "टाळ्या थांबवा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण सभागृह गप्प झालं. "हा विषय मी दिला. मला वाटलं, यातून आपण विचार करू. मी बोलावलेल्या पाहुणीच्या तोंडावर तिचं गाव जाळायच्या गोष्टी झाल्या आणि मुलांनी ते ऐकलं. मला लाज वाटते. आजची सभा संपली. बक्षीस कुणालाही नाही."

आम्ही बाहेर धावलो, तेव्हा डॉ. राशिदा गाडीपाशी उभ्या होत्या. मॅडमनी त्यांचे हात धरले. "राशिदा, माफ करो."

"माफ़ी कैसी, जुबैदा?" त्या म्हणाल्या. "पिछले हफ़्ते हमारे यहाँ दावत में दिल्ली-बंबई का नाम लेकर यही तालियाँ बजी थीं. मैं सिर झुकाकर खाना खाती रही. तुम खड़ी तो हुईं."

घरी जाताना इरा गाडीत म्हणाली, "मम्मा, मैंने ऐसा तो नहीं कहा था ना?"

लाजेची गोष्ट तिथेच संपली असती तर बरं झालं असतं. आठवडाभरात मंडळात कुजबुज सुरू झाली : "त्यांना पुळका येणारच." का येणार, हे कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना समजत होतं. कार्यकारिणीने मॅडमना खुलासा करायला बोलावलं. त्यांची बाजू घेण्यासाठी एक सभासद कळवळून म्हणाले, "अहो, मॅडमचे धाकटे बंधू आपल्या नौदलात होते!"

मॅडमनी त्यांना तिथेच अडवलं. "तो माझा भाऊ आहे, माझं सर्टिफिकेट नाही. त्याचं नाव मध्ये आणू नका." मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "पाहुणीची माफी मागायला मला कुणाची परवानगी लागत नाही. वादसभेची जबाबदारी मी सोडते." आणि त्या निघून गेल्या. खोलीतला एकही माणूस त्यांच्या मागे उठला नाही.

पुढच्या वर्षी वादसभा झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मॅडमनी ती आपल्या दिवाणखान्यात घेतली. विषय तोच. डॉ. राशिदा त्यांच्या ओळखीची तीन कुटुंबं घेऊन आल्या. आमच्याकडून चारच घरं आली. दाराची बेल वाजली आणि ते बँकेतले गृहस्थ आत आले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पाळी आल्यावर इतरांइतकाच वेळ दिला.

ते उभे राहिले. "जपानबद्दल माझं मत बदललेलं नाही," ते म्हणाले. "ते युद्ध दुसऱ्या कशाने थांबलं असतं, असं मला आजही वाटत नाही. पण त्या दिवशी मी जपानबद्दल बोलतच नव्हतो." मग डॉ. राशिदांकडे वळून त्यांनी मोडक्या उर्दूत माफी मागितली. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. हसल्या मात्र नाहीत. मॅडमनी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. वाद दोन तास चालला, निकाल लागला नाही, आणि तो कुणी मागितलाही नाही.

यंदा मॅडम निवृत्त होत आहेत. इकाम्याची, म्हणजे इथल्या निवास परवान्याची, मुदत संपली की फायनल एक्झिट घेऊन त्या कायमच्या हर्णैला जातील. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, समुद्राचा वारा मानवो, आणि वाद घालायला हट्टी माणसं कायम जवळ असोत. इथे राहणाऱ्या आम्हा मंडळींसाठीही एक मागणं आहे. पुढच्या वेळी कुणी एखाद्या शहराचं नाव घेईल आणि टाळ्या सुरू होतील, तेव्हा मॅडम इथे नसतील. त्या वेळी आमच्यापैकी कुणीतरी उठावं.