ओळीच्या पुढे दोन हॅश

उंबऱ्यावर कुणी लिंबू-मिरची टाकून गेलं तर आमचे वडील लिंबू सरबताला आणि मिरची फोडणीला वापरायचे. अशा घरात मी वाढले. या पानावरचे असले गूढ अनुभव वाचताना आजवर हसतच आले... आणि आता स्वतःच लिहायला बसले आहे. हसा खुशाल. नावं तेवढी बदलली आहेत.

हिंगोलीत इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी नेटवर्क सांभाळते. जिल्ह्यात गावोगावी आमचे राउटर आहेत. प्रत्येक गावी जाऊन ते नीट करायचे म्हटले तर आयुष्य एसटीत जाईल, म्हणून ऑफिसात तीन सर्व्हर एकत्र बांधून ठेवलेत – त्याला क्लस्टर म्हणायचं. काळ्या स्क्रीनवर एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, की क्लस्टर तो हुकूम राउटरना आपोआप पोचवतो. सोय मोठी आहे. चूक केली तर तीही तितक्याच सोयीने गावोगाव पोचते.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. ओळ मी लिहायची, एंटर सलीमभाईंनी मारायचं. ते वसमतच्या ऑफिसात बसतात. एकच स्क्रीन दोघांना दिसते आणि दोघांनाही तिच्यावर टाइप करता येतं. ओळ पटली नाही तर ते तिच्या सुरुवातीला हॅशची (#) खूण टाकतात. हॅश लागला की ती ओळ नुसती टीप होते, चालत नाही. खरं तर एक हॅश पुरतो, पण सलीमभाई दोन टाकतात. का, म्हणून एकदा विचारलं तर म्हणाले, “एक तर चुकून बी पडतो ताई. दोन पडले म्हंजे माणसानं टाकले.”

त्या दिवशी ते सुट्टीवर होते. त्यांची मुलगी सना नर्सिंग शिकलेली. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यासाठी तिची व्हिडिओवर मुलाखत होती. मधेच लाईन तुटली तर पुढच्या उमेदवाराला घेऊ, असं दवाखान्याने आधीच कळवलं होतं. वसमतला सलीमभाईंच्या गल्लीत नालीच्या कामात केबल तुटलेली – नेटवर्कवाल्याच्याच घरी नेट नाही, यावरून मी त्यांना आठवडाभर छळलं – म्हणून बापलेक जवळा बाजारला सनाच्या मामाकडे गेले. निघताना त्यांचा फोन आला.

“ताई, जवळ्याची लाईन तेवढी दुपारपर्यंत हलवू नका. लेकराचं एकदाच हाये.”

“न्हाई हलवत. तुमी निवांत जा,” मी म्हणाले.

पण कनेरगाव नाक्यावरचे ढाबेवाले सकाळपासून फोन करत होते, की नेट सारखं जातंय. तिथल्या राउटरमध्ये नवीन सॉफ्टवेअर टाकणं भाग होतं. ते टाकलं की राउटर बंद पडून पुन्हा उठतो आणि त्यात अर्धा तास तरी जातो. कनेरगाव जिल्ह्याच्या एका टोकाला, जवळा दुसरीकडे. जेवणाआधी उरकून टाकू म्हणून मी एकटीच बसले.

वरचा बाण दाबला की मागे कधीतरी लिहिलेली ओळ परत येते, पुन्हा लिहायचे कष्ट वाचतात. मी बाण दाबला. आदल्या दिवशी घेतलेल्या चाचणीची ओळ आली. तिच्यातला ‘फक्त चाचणी’ सांगणारा शब्द खोडला आणि बोट एंटरकडे नेलं.

एंटर दाबायच्या आत ओळीच्या सुरुवातीला दोन हॅश आले. आधी एक... मग दुसरा. कर्सर तिथेच लुकलुकत राहिला.

मी घाबरले वगैरे नाही, चिडले. वाटलं, हा माणूस सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप उघडून बसलाय. फोन लावला तर बंद. मग त्यांना खटकलं तरी काय, हे बघायला ओळ नीट वाचली. ती चाचणी आम्ही अख्ख्या जिल्ह्यावर घेतली होती. ओळीत कनेरगावचं नाव नव्हतंच. एंटर दाबलं असतं तर जिल्ह्यातला प्रत्येक राउटर बंद पडला असता, जवळ्याचा धरून. आणि सनाची मुलाखत नुकतीच सुरू झालेली. ओळ पुसली, खुर्ची मागे सारली आणि पाणी पिऊन आले.

परत आल्यावर स्क्रीनला कोण कोण जोडलेलं आहे ते तपासलं. एकटी मी. मागच्या नोंदी पाहिल्या, त्यातही मीच. शेलमध्ये, म्हणजे त्या काळ्या स्क्रीनच्या प्रोग्राममध्ये, आपोआप हॅश लावायची एक युक्ती असते, ती मला ठाऊक आहे. पण ती एकच हॅश टाकते आणि ओळ लगेच पुढे ढकलते, थांबत नाही. कीबोर्ड उघडून पाहिला. बिस्किटाचा चुरा तेवढा निघाला.

दुसऱ्या दिवशी सलीमभाई कामावर आले. सुट्टीच्या दिवशी त्यांचा लॅपटॉप वसमतलाच कुलपात होता. मी फोनवर सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. वाटलं, भडकतील. पण ते भडकले नाहीत.

“ताई, मी अंगणात बाजेवर बसून दुआ करून राहिलो होतो. सना म्हणली, अब्बा, तुमी खोलीत असले का मला बोलता येत न्हाई. मधीच माझं बोट गुडघ्यावर आपटलं. दोनदा. मेव्हण्यानं इचारलं बी, काहून, पाय दुखून राहिला का. म्या म्हणलं, न्हाई, असंच.”

फोन कानाशी धरून मी कीबोर्डवरच्या हॅशच्या बटणाकडे बघत राहिले.

“लाईन किती येळ गेली असती?” त्यांनी विचारलं.

“अर्धा तास तरी.”

“मंग संपलंच असतं,” ते म्हणाले आणि कनेरगावची ओळ लिहायला सांगितली. या वेळी मी ती पहिल्यापासून लिहिली.

सलीमभाई म्हणतात, अल्लाची मेहरबानी. सनाला आम्ही यातलं काही बोललो नाही. “तिनं ही नोकरी मेहनतीनं मिळवलीय, तिला उगा कुणाचे उपकार वाटायला नको,” असं त्यांचंच म्हणणं, आणि मलाही ते बरोबर वाटतं. नोकरीवर जायच्या आधी ती पेढे घेऊन ऑफिसात आली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो तिथेच ठेवून उभी राहिले. तिला वाटलं, ताईंना भरून आलं. भरून आलं होतंच. माझ्या एका आळसापायी ही पोरगी वसमतलाच अडकली असती... आणि अडकली नाही ती कुणामुळे, हे मला आजही सांगता येत नाही.