सहीला कुठे पैसे पडतात?

आमच्या ह्यांना 'नाही' म्हणता येत नाही. वर्गातल्या पोरांना ठणकावून म्हणतात, मला तर उठता-बसता म्हणतात. पण घरी येऊन कपभर चहा प्यायलेल्या माणसाला म्हणायचं झालं की ह्यांचा घसा बसतो. भीड भिकेची बहीण, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आले आहे. ह्यांनी ते नेहमी मान डोलावून ऐकलं आणि पुढच्या माणसाला चहा विचारला.

दोन हजार सात-आठच्या सुमाराला रत्नागिरीत क्रेडिट कार्डांचं पेव फुटलं. तोवर आमच्या घरात कार्ड म्हणजे रेशनचं. मुंबईत म्हणे कार्डवाले फोन करतात आणि लोक तो आपटून मोकळे होतात. मुंबईकरांचं बरं आहे, त्यांच्याकडे परकी माणसं असतात. आमच्याकडे कार्ड विकायला पहिला आला तो ह्यांच्या चुलतबहिणीचा जावई. आता जावयाला नाही म्हणणार कोण? जावई सोलकढी प्यायला, खुर्चीत रेलला आणि म्हणाला, "काका, नुसती सही. ह्या महिन्याचं टार्गेट तेवढं राहिलंय." ह्यांनी सही केली. वर जाताना त्याच्या हातात दोन नारळ दिले. म्हणजे अर्ज आमचा आणि आहेरही आमच्याकडूनच.

मग शेजारची सून आली. तिने घरबसल्या दुसऱ्या बँकेचं काम धरलं होतं. जावयाला सही दिली आणि शेजारणीला नाही, हे बरं दिसतं का? त्यानंतर ह्यांचा एक जुना विद्यार्थी रत्नागिरीच्या उकाड्यात टाय बांधून आला. त्या टायची दया येऊन ह्यांनी दोन सह्या केल्या, एक त्याच्यासाठी आणि एक त्याच्या मित्रासाठी. पुढे पुढे तर गणपतीच्या वर्गणीची पावती फाडावी तसे हे अर्ज भरू लागले. मी कटकट केली की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "अगं, सहीला कुठे पैसे पडतात? त्या पोरांची नोकरी टिकते."

त्यातली दोन कार्डं आली, बाकीच्या बँकांनी नकार कळवला. नकार आला की हे खूश व्हायचे, कारण नाही म्हणण्याचं काम परस्पर उरकायचं. आलेली कार्डं पाकिटासकट कपाटात लोकरी स्वेटरखाली गेली. रत्नागिरीत स्वेटर कधी लागतो ते सांगायला नको. त्या कार्डांवर ह्यांनी साधी टाचणी विकत घेतली नाही. एक ना धड भाराभर चिंध्या.

आता घराचं सांगते. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला जांभ्याच्या एका घरात आम्ही भाड्याने राहत होतो. मालक मिरकरवाड्यातलेच, नोकरीला कुवेतला. आम्ही त्यांना भाई म्हणायचो. घराच्या पडवीत मी गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. भिंतीवर मीच रंगवलेला फळा होता, आणि खाली बंदराकडे बर्फाच्या गाड्या उतरायला लागल्या की मुलं पाढे मोठ्याने म्हणायची. लग्नाआधी भावांच्या घरात आणि लग्नानंतर दिरांच्या घरात राहिलेली बाई मी. ही पडवी तेवढी माझी होती, भाड्याची असली तरी. भाईंनी मुलीच्या लग्नासाठी घर विकायला काढलं आणि कुवेतहून फोन केला, "सर, पहिला हक्क तुमचा. ईदपर्यंत थांबतो." मी त्या रात्री झोपलेच नाही. मला ते घर हवं होतं, दुसरं काही नको होतं.

बँकेत गेलो. पगार पक्का, वय बसतं, कागद चोख. वीजबिल हे पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून भरतात. कर्ज विभागातल्या अधिकाऱ्याने संगणकात पाहिलं आणि त्याचा चेहरा डॉक्टरसारखा झाला.

"सर, तुमचं देणं कुठेही थकलेलं नाही. पण तुम्ही वर्षभरात फार ठिकाणी कार्डासाठी अर्ज केलेत."

"पण मी कार्ड वापरलंच नाही."

"ते खरं. पण अर्ज आला की ती बँक मुंबईच्या एका कंपनीकडे तुमची चौकशी करते, आणि केलेल्या चौकशीची नोंद राहते. थोड्या काळात इतक्या चौकशा दिसल्या की वाटतं, माणूस अडचणीत आहे, मिळेल तिथून उधार उचलायला निघालाय. मग तुमची पत मोजणारा आकडा, म्हणजे स्कोअर, खाली जातो."

"अहो, मी ओळखीपोटी सह्या केल्या."

"त्यात ओळखीपोटीचा रकाना नाही, सर."

आकडा किती ते विचारलं, तर म्हणे तो गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. अब्रू आमची, आणि ती बघायची परवानगी तेवढी आम्हाला नाही. ज्या माणसाने जन्मात वाण्याकडे उधारी ठेवली नाही, तो त्या यंत्रात दारोदार हात पसरणारा निघाला. अधिकारी मात्र भला होता. सहा-आठ महिने कुठेही अर्ज करू नका, मग या, असं त्याने स्पष्ट सांगितलं.

म्हणून हे पुढच्याच आठवड्यात आणखी तीन बँकांत अर्ज करून आले. एका डॉक्टरचा गुण येईना तर दुसरा बघावा, इतकं साधं गणित. तिन्ही बँकांनी चौकशी केली, तिन्हींची नोंद झाली, आणि उरलासुरला स्कोअरही गडगडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेवटी मी पुढे झाले. म्हटलं, माझ्या नावावर द्या, शिकवण्यांचा आयकर मी भरते. अधिकाऱ्याने पुन्हा संगणकात पाहिलं. "मॅडम, तुमचा इतिहासच नाही." मी कधी कर्ज घेतलं नव्हतं, कार्ड घेतलं नव्हतं, म्हणून त्या कंपनीच्या लेखी मी जन्मालाच आले नव्हते. उधारी करू नये म्हणून माझ्या आईने कान पिळले होते, त्याचं हे बक्षीस. नवरा फार मागणारा, बायको मुळीच न मागणारी, आणि दोघांनाही दार बंद.

ईदच्या आधी भाई रजेवर आले. आम्ही त्यांच्या घरी गेलो. भाभींनी सांदणं पुढे ठेवली. ह्यांनी अडखळत सगळं सांगितलं. भाई ऐकत राहिले आणि म्हणाले, "सहा महिन्यांचाच प्रश्न आहे ना? मग निकाह पुढे ढकलू. मुलाकडच्यांना मी समजावतो. तुमच्यासारखं घर कोण सांभाळणार आहे?"

पाण्याचे ग्लास घेऊन त्यांची मुलगी आली होती. माझ्याच पडवीत ती बीजगणित शिकली होती. ग्लास ठेवले आणि आत गेली, पण जाताना माझ्याकडे बघून गेली.

हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांनीच 'हो म्हण' म्हणत होते. माझ्या तोंडून निघालं, "नको भाई. तारीख हलवू नका. दुसरं गिऱ्हाईक असेल त्याला देऊन टाका."

चढण चढताना हे थांबले. "अगं, ते आपणहून म्हणत होते. हो म्हणायला तुला काय झालं होतं?"

आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना कुणाची भीड वाटली नव्हती. घरी येऊन पडवीत बसले आणि ढसाढसा रडले. थोड्या वेळाने संध्याकाळच्या शिकवणीची मुलं आली, तेव्हा हेच बाहेर गेले आणि त्यांना म्हणाले, "आज नाही."