बुजवलेल्या शेततळ्यात

व्हर्ल हेमोरने बापाची कपाशीची जमीन विकली आणि तिथेच उठलेल्या वसाहतीत एक बंगला घेतला. सकाळी सहाला शेजाऱ्यांच्या गाड्या फिनिक्सकडे निघून जायच्या. मग दिवसभर गल्लीत तो, त्याची बायको आणि एसींची घरघर.

शेजारीण मारिसोल शहरातल्या बँकेत होती. तिने मागच्या अंगणात पोहायचा तलाव खणायला घेतला. म्हणाली, "व्हर्ल, मी कामावर असेन. जरा लक्ष ठेवाल?"

"ठेवतो की. तिथे आमचं शेततळं होतं. माती भुसभुशीत लागेल."

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास यंत्र थांबलं. चालक रूबेनने हाक मारली, "साहेब, खाली पत्रा लागतोय."

आठ फुटांवर पिकअपचं छत होतं. रूबेनने फावड्याने चिखल खरवडला, तसा हिरवा रंग दिसला आणि त्यावरचा वाकडातिकडा पांढरा पट्टा. तो पट्टा सोळा वर्षांच्या व्हर्लनेच ओढला होता. खिडकीपर्यंत माती उकरून आत डोकावलेल्या रूबेनने छातीवर क्रूसाची खूण केली आणि तो मागे सरला.

थोरला भाऊ डेल १९७१च्या ऑगस्टमध्ये बापाशी भांडून हीच पिकअप घेऊन गेला होता. त्या संध्याकाळी असं धुळीचं वादळ उठलं, की स्वतःचा हात दिसेना. सकाळी बाप म्हणाला, "गेला असेल कॅलिफोर्नियाला. पोटाला चिमटा बसला की येईल." पुढच्या हिवाळ्यात त्याने ते खोल, गढूळ तळं न उपसता चिखलासकट बुजवलं. व्हर्लला गुरांचा डॉक्टर व्हायचं होतं, पण तो कपाशीत अडकला आणि त्याचं खापर जन्मभर डेलच्या माथी फोडत राहिला. आईच्या दफनाला तर चारचौघांत बोलला होता, "थोरल्याला आजही यावंसं वाटलं नाही."

व्हर्ल मातीच्या ढिगावरच बसला.

दुपारपर्यंत पोलीस आले, हाडं निघाली. पोलीसबाई त्याच्याजवळ उकिडवी बसली. "तुमचं जुनं घर कुठल्या बाजूला होतं?"

त्याने बोट दाखवलं.

"मग ते परत येत होते," ती म्हणाली. "गाडीचं तोंड तिकडेच आहे."

संध्याकाळी त्याने बहिणीला, नोलाला, फोन लावला. "डेल सापडला."

"कुठे? कॅलिफोर्नियात?"

"नाही गं. इथेच होता."



डेलला आईशेजारी पुरलं. त्यानंतर कित्येक दिवस व्हर्ल पहाटे उठून अंगणात उभा राहायचा. एकदा कामावर निघालेल्या मारिसोलने गाडी थांबवून काच खाली केली.

"काही हवंय का?"

"शिट्टी छान वाजवायचा तो," व्हर्ल म्हणाला. "कुत्री पार कालव्यापासून धावत यायची."

मारिसोलने इंजिन बंद केलं.

"सांगा," ती म्हणाली. "मला घाई नाही."